म्हणे टीम बदल!

इंग्लंडमधली माझी फुटबॉल टीम मँचेस्टर युनायटेड हरली की दुसऱ्या दिवशी विश्रामबागच्या टपरीवर तेच वाक्य ठरलेलं: "अरे, टीम बदल की आता!" डोकंच फिरतं राव. टीम म्हणजे काय शर्ट आहे, मळला की बदलायला?

2013 ला आमचे मॅनेजर फर्ग्युसन क्लबला इंग्लंडची विसावी लीग जिंकून देऊन निवृत्त झाले, त्यानंतर ती लीग परत आलेली नाही. मॅनेजर आले, गेले. 2024-25 मध्ये तर लीगमध्ये पंधरावा नंबर, 38 सामन्यांत 42 गुण! तरी युरोपातल्या क्लबांच्या युरोपा लीगची फायनल गाठली, समोर आमच्याच लीगमधलं सतराव्या नंबरचं टॉटनम. म्हटलं, एवढी तरी घ्या. तर आमच्याच शॉच्या अंगाला लागून बॉल गोलसमोर रेंगाळला, त्यांच्या जॉन्सननं पाय घातला, संपलं. मध्यरात्र उलटून गेलेली, घरचे झोपलेले, टीव्हीचा आवाज बंद. ओरडायचीही सोय नाही.

आणि सल्ला देणारे कोण? जो जिंकेल त्याची जर्सी घालणारे! 2024 ला मँचेस्टर सिटी, 2025 ला लिव्हरपूल. यांना स्वतःच्या टीमचा लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, कोण ते विचारा, लगेच मोबाईल काढतात. आणि मला म्हणे टीम बदल. नाही बदलत, जा!