खुलासा : मोहल्ला समिती आधी भिवंडीत, मग मुंबईत

‘मोहल्ला समित्या मुंबईत 1993 च्या दंगलीनंतर जन्माला आल्या आणि त्या म्हणजे पुढाऱ्यांची शांतता समितीच’ असा मजकूर सध्या फिरतोय. दोन्ही गोष्टी चूक आहेत.

1970 आणि 1984 च्या दंगलींत भिवंडी होरपळली होती. तिथे 1988 मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी या समित्या उभ्या केल्या. शांतता समिती एरवी तणाव पेटल्यावर बोलावली जाते आणि त्यात वजनदार माणसं बसतात. खोपड्यांनी नेमकं हेच उलटं केलं. समितीत गल्लीतली साधी माणसं, हिंदू आणि मुस्लिम दोन्ही. बैठका शांततेच्या काळातही नियमित, पोलिसांसोबत. छोटे तंटे तिथेच बोलून मिटायचे. त्यामुळे अफवा उठली, की ती खरी की खोटी हे विचारायला ओळखीचा पोलीस असायचा. माझ्या मते सगळ्यात मोलाचं तेच. 6 डिसेंबर 1992 ला बाबरी मशीद पाडल्यानंतर मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली.

मुंबईतली मोहल्ला समिती चळवळ त्यानंतरची. तिच्यामागे माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी होते. त्यांचं काम मोठंच आहे, पण सुरुवातीचं श्रेय भिवंडीचं.

‘तेव्हापासून भिवंडीत कधीच हिंसा झाली नाही’ हे कौतुकाचं वाक्यही पुढे पाठवू नका. जुलै 2006 मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून तिथे हिंसाचार झाला. दोन पोलिसांचा जमावाने जीव घेतला आणि पोलिसांच्या गोळीबारात नागरिकही गेले.