यादीत नाव नाही? मग ‘चॅलेंज व्होट’ही नाही

निवडणूक लागली की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास येतं. २०१९ पासून मजकूर तोच: यादीत नाव नसेल तर आधार कार्ड दाखवा आणि ‘४९-ए’खाली चॅलेंज व्होट मागा, तुमच्या नावावर कुणी आधीच मत टाकलं असेल तर टेंडर व्होट मागा, टेंडर व्होट १४ टक्क्यांवर गेले की फेरमतदान.

१९६१च्या निवडणूक नियमांतला ४९-ए मतदान यंत्राच्या रचनेबद्दल आहे. चॅलेंज ४९-जेमध्ये आहे, पण तो मतदाराने मागायचा नसतो. उमेदवाराचा पोलिंग एजंट २ रुपये भरून ‘हा माणूस तो नव्हेच’ असा आक्षेप घेतो. आक्षेप खरा ठरला तर समोरच्याचं मतदान थांबतं. म्हणजे अगदी उलटं! आधार फक्त ओळख पटवतं. यादीत नाव नसेल तर मत नाही.

टेंडर व्होट मात्र खरा, नियम ४९-पी. केंद्राध्यक्ष प्रश्न विचारून खात्री करतात आणि कागदी मतपत्रिका देतात. यंत्राचं बटण दाबायला मिळत नाही. ते मत वेगळ्या पाकिटात जातं आणि मोजणीच्या दिवशी धरलं जात नाही. उपयोग झालाच तर कोर्टात. २००८ साली राजस्थानात नाथद्वाऱ्याला काँग्रेसचे सी. पी. जोशी विधानसभेला एका मताने हरले, तेव्हा अशाच मतांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तेव्हा मागा जरूर, हक्कच आहे.

१४ टक्के? असा आकडा नियमांत कुठेच नाही. फेरमतदान होतं ते यंत्र बिघडलं, केंद्र बळकावलं अशा कारणांनी, आणि ते आयोग ठरवतो.

‘निदान लोक जागे तरी होतात,’ असं ग्रुपवरचे काका म्हणतात. त्यांचा राग मला कळतो. २०१४ला पुण्या-मुंबईत असंख्य नावं गळाली होती. निवडणूक आयुक्त ब्रह्मांनी माफीही मागितली होती. पण हे वाचून आलेला माणूस मतदानाच्या दिवशी भांडतो कुणाशी? ड्युटीवर आलेल्या शाळामास्तरांशी, ज्यांच्या हातात यादी बदलणं नाही. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरतं नवं नाव चढत नाही. नमुना ६, म्हणजे नाव नोंदवायचा अर्ज, त्याआधीच भरावा लागतो.

मी ग्रुपवर नमुना ६ची लिंक टाकली. तिला एक अंगठा आला, तोही आमच्या हिचा.