त्यांनाच परत बॉल का?

७४-०.

काल, १ जुलै २०२३ ला, ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलमध्ये रग्बी लीगच्या सामन्यात नॉर्थ क्वीन्सलँड काउबॉइजनी आमच्या वेस्ट्स टायगर्सचा हा असा निकाल लावला. ८० मिनिटांचा खेळ आणि ७४ गुण. क्लबच्या इतिहासातला सगळ्यात मोठा पराभव. सकाळपासून तीन जणांनी मला हसणाऱ्या इमोजी पाठवल्यात. एकालाही उत्तर दिलेलं नाही आणि देणारही नाही. डोकं सरकलंय. पोस्ट लांबणार आहे, ज्यांना रग्बी लीगमध्ये रस नाही त्यांनी इथूनच पुढे गेलात तरी चालेल.

लेक नऊ वर्षांचा आहे. सामना सुरू व्हायच्या आधी अर्धा तास टायगर्सची जर्सी घालून सोफ्यावर बसला होता. पहिला ट्राय (समोरच्यांनी बॉल आपल्या रेषेपलीकडे नेऊन टेकवणं) खाल्ला तेव्हा ओरडला, दुसऱ्याला ओरडला, चौथ्या-पाचव्यानंतर आवाज बंद. ताटातली पोळी तशीच. पोळीचा एकच तुकडा घेऊन तो बोटांनी दुमडत होता, उलगडत होता, परत दुमडत होता. आणि मग टीव्हीवरची नजर न हलवता त्यानं विचारलं, "आई, ट्राय त्यांनीच मारला ना? मग त्यांनाच परत बॉल का?"

मी म्हटलं, नियम आहे बाळा तसा. दुसरं काय सांगणार?

भारतातल्या मंडळींसाठी थोडक्यात. तेरा-तेरा खेळाडू. बॉल हातात आला की सहा टॅकलपर्यंत (टॅकल म्हणजे बॉलवाल्याला धरून पाडणं) तुमचा, तेवढ्यात पलीकडे पोचायचं, नाहीतर बॉल समोरच्यांचा. ट्रायचे चार गुण, त्यावरच्या किकचे दोन. आणि ट्राय झाला की ज्यांनी तो खाल्ला, त्यांनीच मधल्या रेषेवरून बॉल लाथेनं लांब उडवून द्यायचा. कुणाला? ज्यांनी आत्ताच ट्राय मारला त्यांना! फुटबॉलमध्ये गोल खाणारा सेंटरला बॉल घेतो. बास्केटबॉलमध्ये बास्केट खाल्लेल्याकडे बॉल येतो. रग्बीच्याच सात जणांच्या खेळात ट्राय मारणारे किक मारतात आणि बॉल समोरच्यांना मिळतो. आमच्याकडे मात्र पडत्याचा पाय खोलात. छाती फुटेपर्यंत धावून टॅकल करणाऱ्यांनी बॉल देऊन टाकायचा आणि परत टॅकल करायला उभं राहायचं.

मला काल सारखी आठवीतली ती मॅच आठवत होती. माझ्याबरोबर शाळेत असलेल्या दोघी-तिघी इथे आहेत, त्यांना लगेच कळेल कुठली. तालुक्याची कबड्डी स्पर्धा, मिरजेपासून जवळच. समोरच्या शाळेच्या मुली आमच्याहून हातभर उंच. आम्ही ५४-९ हरलो. चार लोण बसले आमच्यावर. पहिला लोण बसला तेव्हा मी बाहेर बसलेल्यांत शेवटची होते, गुडघे सोललेले, त्यात फक्की गेलेली, चरचरत होतं, आणि रडू येत होतं. पंचांनी शिट्टी वाजवली, त्यांना वरचे दोन गुण दिले आणि आम्हाला हात केला. चला आत. सगळ्या. सातच्या सात. मला त्या वयात ते फार मोठं वाटलं. हरतोय ते दिसतंय, पण मैदानात परत सातजणी उभ्या आहेत आणि पुढची एक चढाई आपली आहे.

नवरा म्हणतो, "तरी हरलातच ना ४५ गुणांनी?" हो, हरलो. लोणच्या नियमानं आम्ही काही जिंकलो नाही. त्याचं खरं आहे. पण कबड्डीत एक चढाई त्यांची झाली की एक आपली असतेच, कितीही मार खाल्ला तरी. काल कित्येक मिनिटं अशी गेली की टायगर्सच्या पोरांच्या हाताला बॉल लागला तो फक्त किक मारायला ठेवताना.

आणि हे आपोआप झालेलं नाही. २०२० च्या मे महिन्यात, कोविडनंतर खेळ परत सुरू झाला तेव्हा हा खेळ चालवणाऱ्या कमिशननं आणि त्याचे अध्यक्ष पीटर व्हलँडिस यांनी नियम बदलला. टॅकल केल्यावर बचाव करणारे अंगावर लोळत राहिले, वेळ काढला, तर आधी पेनल्टी मिळायची. पेनल्टी म्हणजे खेळ थांबतो, जरा श्वास घेता येतो. आता खेळ थांबत नाही, टॅकलची मोजणी शून्यावर येते, परत सहा. २०२१ मध्ये तेच, टॅकलनंतर बचाव करणाऱ्यांनी दहा मीटर मागे न हटण्यालाही लावलं. खेळ वेगवान झाला, बघायला मजा येते, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि त्याच वर्षी ४०-५० च्या फरकाचे निकाल इतके लागले की २०२२ ला त्यांना स्वतःलाच थोडं मागे यावं लागलं. दमलेल्या टीमला दमवत ठेवायची सोय करून ठेवलीत आणि वर विचारता निकाल एकतर्फी का लागतात!

मान्य, किक-ऑफचा नियम जुना आहे आणि त्याला अर्थही होता. बॉल त्यांच्या दारात नेऊन टाका आणि तिथेच दाबून धरा. पण दाबून धरायला अंगात जोर लागतो. सत्तराव्या मिनिटाला तो कुठून आणायचा?

आता कुणीतरी लिहिणार, की सॅलरी कॅप आहे ना. आहे. १९९० पासून आहे. प्रत्येक क्लबनं खेळाडूंवर ठरलेल्या रकमेच्या आतच खर्च करायचा, म्हणजे श्रीमंत क्लब सगळे चांगले खेळाडू पळवणार नाहीत. आणि ते कॅप कडक आहे, हेही मी कबूल करते. २००२ ला बुलडॉग्ज गुणतक्त्यात वर असताना त्यांचे ३७ गुण कापले. २०१० ला मेलबर्न स्टॉर्मची २००७ आणि २००९ ची विजेतेपदं काढून घेतली. बरीच वर्षं कुणालाच लागोपाठ दोनदा जिंकता आलं नव्हतं, ते २०१९ ला सिडनी रूस्टर्सनी केलं. आता पेनरिथनं २०२१ आणि २०२२ अशी दोन घेतलीत, आणि यंदाही तेच दिसतायत. पण पेनरिथला मी नावं ठेवणार नाही. क्लिअरी, लुआई, टोओ, क्रायटन, सगळी त्यांच्या स्वतःच्या पोरांतून वर आलेली मुलं. त्यांच्या भागात गल्लीगल्लीत पोरं खेळतात. कॅप पैसा सारखा करतं, गल्ल्या कशा सारख्या करणार?

नव्या खेळाडूंचा ड्राफ्ट हवा असंही म्हणतात, म्हणजे तळातल्या क्लबनं आधी निवडायचं. तो आणून झालाय. टेरी हिल नावाच्या पोरानं मला माझ्या मर्जीच्या क्लबकडे खेळायचंय म्हटलं, खेळाडू कोर्टात गेले आणि १९९१ ला कोर्टानं ड्राफ्ट मोडीत काढला. बरोबरच केलं. माणसं बाजारात दोरीला बांधून आणायची नसतात.

म्हणून म्हणते, मोठमोठ्या योजना राहू द्या. मार खाणाऱ्याच्या हातात बॉल द्या. एवढंच मागणं आहे.

आम्ही राहतो सिडनीच्या कॅम्पबेलटाऊनला. आमच्या शेजारचे आजोबा जुने वेस्टर्न सबर्ब्ज मॅगपाइजवाले. त्यांचा क्लब बालमेन क्लबबरोबर विलीन होऊन २००० पासून वेस्ट्स टायगर्स झाला, आणि त्याआधीच्या शेवटच्या वर्षी, १९९९ ला, २४ सामन्यांत ९४४ गुण खाल्ले होते. ९४४! आजोबा घरचा एकही सामना चुकवायचे नाहीत त्या वर्षी. आज सकाळी कचऱ्याचा डबा आत घेताना भेटले. काही बोलले नाहीत. लेकाच्या डोक्यावर हात ठेवला आणि आत गेले. हसणाऱ्या इमोजी पाठवणाऱ्यांनो, तुम्हाला हे कळणार नाही.

"प्रोफेशनल आहेत, पगार घेतात, मार खाल्ला तर खाल्ला," हेही कालपासून दहादा वाचलं. पगार खेळाडू घेतात हो. लेक कुठला पगार घेतो? आजोबा कुठला पगार घेतात? बावीस-तेवीस वर्षांची पोरं आहेत ती, ट्राय लाइनवर गुडघ्यांवर हात ठेवून उभी, मान खाली, तेराव्यांदा त्या किकची वाट बघत. कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर जवळ जवळ नेत होते. लाज वाटली मला बघताना. त्यांची नाही, बघणाऱ्यांची.

आता एक गोष्ट लिहिते जी लिहायची नव्हती.

२० मेला आम्ही लायकार्ट ओव्हलला गेलो होतो. कॅम्पबेलटाऊनहून लांब पडतं, पण लेकाला तिथली टेकडी दाखवायची होती. गवतावर चटई टाकून बसायचं, आणि वर जुना स्कोअरबोर्ड, जिथे माणूस हातानं आकडे बदलतो. त्या दिवशी टायगर्सनी ६६ मारले. ६६-१८. कुणाला? याच काउबॉइजना. सहा आठवड्यांपूर्वी! आमच्यापासून चार-पाच हातांवर काउबॉइजच्या जर्सीतला एक बाप आणि त्याची मुलगी बसले होते, सहा-सात वर्षांची असेल. दुसऱ्या हाफमध्ये कधीतरी तो उठला, तिच्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली, तिला खांद्यावर घेतलं आणि माणसांतून वाट काढत निघून गेला. मी ते बघितलं. आणि मग वळून परत ओरडायला लागले. त्या पोरीनंही घरी जाताना बापाला तेच विचारलं असेल. त्या संध्याकाळी माझ्या डोक्यात कबड्डी आली नव्हती, लोण आला नव्हता, काही आलं नव्हतं. ६६ वर माझा घसा बसला होता.

त्यामुळे कुणी म्हणेल की तुझा राग कालच्या आकड्याचा आहे, तर हो, थोडा आहे. पण ती मुलगी काल रात्रीपासून डोळ्यांसमोरून जात नाहीये.

नवऱ्यानं मघाशी आणखी एक सुनावलं. म्हणे एप्रिलमध्ये बाथर्स्टला याच तळातल्या टायगर्सनी पेनरिथला १२-८ हरवलं, मग स्पर्धा एकतर्फी कशी? आणि २०२१ ला साउथ सिडनी मेलबर्नकडून ५०-० हरले होते, तरी फायनलला पोचले आणि दोनच गुणांनी हरले. खरंय. सगळं खरंय. या खेळात कोण कधी उठेल सांगता येत नाही, म्हणून तर बघतो आपण. २००५ ला याच काउबॉइजना ३०-१६ हरवून टायगर्स चॅंपियन झाले होते, बेन्जी मार्शलचा तो पाठीमागून टाकलेला पास लेकानं यूट्यूबवर इतक्यांदा बघितलाय की मला झोपेतही दिसतो. २०११ नंतर एकदाही फायनल्सचे सामने नाहीत, गेल्या वर्षी तर तळाला राहिले, तरी तो तोच पास बघतो.

पण उठायचं तर एक संधी लागते ना हो. ती मॅच आम्ही ५४-९ हरलो असं वर लिहिलं. चौथ्या लोणनंतर आम्ही परत आत आलो तेव्हा पाच-सहा मिनिटं उरली असतील. त्यांची कॅप्टन चढाईला आली, तिनं त्या दिवशी एकटीनं आमची दाणादाण उडवली होती, तिला वाटलं आता काय, रमतगमत आली. मी डाव्या कोपऱ्यात होते. तिनं पाय टाकला आणि मी घोटा धरला. दोन्ही हातांनी. तोंड मातीत. ती ओढतेय, मी सोडत नाहीये, मग आमच्या दोघी येऊन तिच्या कमरेला पडल्या. पंचांचा हात आमच्या बाजूला. एक गुण. आमचे सर, जे सगळी मॅच डोकं धरून बसले होते, ते उभे राहून नाचले. घरी गेल्यावर बाबांना मी आधी ती पकड सांगितली, स्कोअर त्यांनी विचारल्यावर सांगितला.

आज सकाळी लेकाला ही गोष्ट सांगितली. चार लोण, ५४-९, सगळं. त्यानं लोण म्हणजे काय ते नीट विचारून घेतलं. "म्हणजे सगळे आउट झाले तर सगळे परत?" सगळे परत. "मग टायगर्सना काल तेरा वेळा बॉल मिळाला असता?" हो. तो जरा वेळ गप्प बसला. मग कालचीच जर्सी अंगात अडकवून बाहेर पळाला.

आत्ता ड्राइव्हवेवर खडूनं रेघा मारतोय. मधली रेघ वाकडी आलीय, बोनसची रेघ कुठे काढायची म्हणून खिडकीतून हाका मारतोय. जाते.