माझ्या सज्जनपणावर मंडळाचा शिक्का

शिक्का गोल होता, जांभळा होता आणि फोटोत जिथे माझं नाक असायला हवं तिथे आता आमच्या मंडळाचा गणपती होता. ब्रिटिश नागरिकत्वाच्या अर्जातला हा रेफरीचा, म्हणजे आपल्याला ओळखणाऱ्याने सही करून द्यायचा कागद. तो नव्याने छापायचा, नवा फोटो चिकटवायचा आणि पुन्हा काकांच्या दारात उभं राहायचं. प्रकरण गेल्या शनिवारचं आहे, त्यामुळे मी अजून पुरेसा शांत झालेलो नाही.

लोक उगाच परीक्षेला घाबरतात. 'लाइफ इन द यूके' म्हणजे २४ प्रश्न, ४५ मिनिटं, १८ बरोबर आले की पास. फी ५० पौंड, आणि निकालाला मुदत नाही. पर्मनंटच्या, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवानगीच्या वेळी ती दिली असेल तर पुन्हा द्यावी लागत नाही. बुकिंग करताना फक्त नाव पासपोर्टवर आहे तस्संच टाका. आपल्याकडे स्वतःच्या नावाला वडिलांचं नाव चिकटलेलं असतं. ते बुकिंगमध्ये गाळलंत तर केंद्रावरून परत पाठवतात आणि ५० पौंडही जातात. बाकी पुस्तक वाचून जा, म्हणजे झालं. त्यात साके दीन महोमेत नावाचे एक गृहस्थ भेटतात. १८१० मध्ये त्यांनी लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर हिंदुस्तानी खाणावळ काढली आणि वर साहेबाला शाम्पू, म्हणजे चंपी, शिकवली. अशा कर्तबगार माणसाला कुणी दोन रेफरी मागितले नव्हते.

आपल्याला मागतात. एक रेफरी कुठल्याही देशाचा चालतो, पण व्यवसायाने प्रतिष्ठित हवा. दुसऱ्याकडे ब्रिटिश पासपोर्ट हवा, आणि तो प्रतिष्ठित नसेल तर निदान २५ वर्षांच्या वरचा तरी. दोघंही तुम्हाला किमान तीन वर्षं प्रत्यक्ष ओळखणारे, तुमचे नातेवाईक नसलेले, एकमेकांचेही नसलेले. तुमचा वकील नको, होम ऑफिसातला, म्हणजे इथल्या गृहखात्यातला, नोकर नको. प्रतिष्ठित कोण याची यादीच आहे. वकील, शिक्षक, फार्मासिस्ट ठीक, पण पबचा परवानाधारक, अंत्यविधीची व्यवस्था करणारा आणि पायाची कुरुपं काढणाराही त्यात आहे. मी सॉफ्टवेअरवाल्यांत राहतो. आमच्यात तीन वर्षांची घसट असलेला अंत्यविधीवाला सहसा कुणाचा नसतो. यादीत आणखी एक नोंद आहे, मान्यताप्राप्त संस्थेचा अध्यक्ष किंवा सचिव. तिथे माझं नशीब फुटलं.

मंडळाचे सचिव म्हणजे काका. इथे येऊन त्यांना चाळीस वर्षं झाली, पण पहिली नोकरी जिल्हा परिषदेतली, आणि ती अंगातून गेलेली नाही. त्यांनी आधी चष्मा पुसला, मग टेबल पुसलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"तीन वर्षं ओळखतो असं लिहून द्यायचं. ओळखतो म्हणजे नक्की काय रे?"

"काका, आपण दर गणपतीला भेटतो."

"गणपतीला अख्खं गाव भेटतं. तू आरतीनंतर भेटतोस. प्रसादाच्या रांगेत." मग जरा थांबून, "गेल्या वर्षीची वर्गणी?"

"भरली, काका."

"पावती?"

पावती फोनमध्ये सापडली. ती त्यांनी लांब धरून वाचली. मग घोषणापत्र मोठ्याने वाचायला घेतलं, मंगलाष्टकांच्या चालीत. खोटी माहिती दिल्यास ५,००० पौंडांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, या ओळीशी चाल मोडली.

"कैद? मला?"

"खोटं लिहिलं तर, काका."

"ते ठीक आहे. पण खरं काय ते मला कुठे माहीत आहे? तुझ्या घरी मी एकदा आलोय, त्यात तू बाहेर गेला होतास."

तेवढ्यात काकू पोहे घेऊन आल्या. त्यांना माझी दया आली असावी. "अहो, किती छळता त्याला. मी करते की दुसरी सही. माझा पासपोर्टही इथलाच आहे." मी हात जोडून नको म्हटलं. नवरा-बायको दोघं एकाच अर्जाचे रेफरी होऊ शकत नाहीत. काकूंचा चेहरा उतरला. काकांचा उजळला. आपण एकटेच पात्र आहोत हे कळल्यावर माणूस खुलतोच. त्या आनंदात त्यांनी जन्मतारीख, पत्ता, व्यवसाय सगळं झरझर भरलं, चौकटीत मावेल अशी सही केली, तारीख घातली. कागद उचलायला मी हात पुढे केला आणि तेवढ्यात ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला.

"काका, शिक्का नको, शिक्का मागितलेला—"

ठप्प.

"शिक्क्याशिवाय कागदाला वजन नाही," काका म्हणाले. "अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर. साक्षांकन असंच असतं."

तहसीलात असतं. इथे नसतं. इथे फोटोत चेहरा दिसावा लागतो, सही चौकटीत असावी लागते, काळ्या शाईने केलेली बरी, आणि मग तो कागद रंगीत स्कॅन करून चढवायचा. तेव्हा माझा सल्ला असा: रेफरीकडे जाताना कोऱ्या छापील प्रती दोन न्या, फोटो चार न्या, पेन आपलं न्या आणि रेफरी सेवानिवृत्त असेल तर ड्रॉवर आणि तो यांच्या मध्ये बसा.

काकांनी जाता जाता विचारलं, "पाच वर्षांत किती दिवस देशाबाहेर होतास?" हा मात्र मुद्द्याचा प्रश्न होता, हे मान्य करावं लागेल. पाच वर्षांत ४५० दिवसांपेक्षा जास्त नको, आणि शेवटच्या बारा महिन्यांत ९० पेक्षा जास्त नको. ब्रिटिश नागरिकाच्या जोडीदाराला तीन वर्षांचा हिशोब, त्यात २७०. निघायचा आणि पोचायचा दिवस धरत नाहीत, मधले पूर्ण दिवसच मोजतात. शिवाय अर्ज पोचेल त्या तारखेपासून बरोबर पाच वर्षं मागे जायचं आणि त्या दिवशी आपण यूकेत होतो का ते बघायचं. तेव्हा नेमके मावसभावाच्या लग्नाला नाशकात असाल तर अर्ज काही दिवस पुढे ढकला. हिशोब पासपोर्टवरून करायला जाल तर रडाल. इथून निघताना कुणी शिक्का मारत नाही आणि मुंबईचा शिक्का नेमका तारखेवरच फिका असतो. विमान कंपन्यांच्या जुन्या मेल शोधा. जिथे हवा तिथे शिक्का नाही, नको तिथे गणपती.

आणि या सगळ्याचे पैसे. २०२५ च्या एप्रिलमध्ये अर्जाची फी १,६०५ पौंड झाली, वर शपथेच्या समारंभाचे १३०. भरण्याआधी चालू आकडा बघून घ्या, तो वाढतच असतो. अर्ज फेटाळला तर समारंभाचे तेवढे परत मिळतात, बाकीचे गंगेला. म्हणजे इतके मोजून वर माणूस बरा आहे हे पबवाल्याकडून लिहून आणायचं. होम ऑफिसवाल्यांनो, पाच वर्षं कर घेतलात, पगाराचा पैन् पैचा हिशोब तुमच्याकडे आहे, पोलिसांकडची नोंद तुम्ही स्वतः तपासता, मग काकांना मधे कशाला आणता? हे मी गमतीने विचारत नाहीये.

मंजुरीचं पत्र आल्यावर तीन महिन्यांच्या आत समारंभाला जायचं, राजे चार्ल्स यांच्याशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यायची आणि हातात आलेल्या प्रमाणपत्रावरचं नाव, जन्मगाव, तारीख तिथल्या तिथे वाचायची. पुढे पासपोर्ट आणि ओसीआयच्या (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांच्या कार्डाच्या) प्रत्येक अर्जाला हेच लागणार आहे.

त्या दिवसानंतरचा महिना-दोन महिने तिकिटं काढू नका. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की भारतीयत्व आपोआप संपतं. खिशातला निळा पासपोर्ट दिसायला धडधाकट असला तरी त्यावर प्रवास करायचा नाही. तो परत करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं, मग व्हिसा किंवा ओसीआय. ब्रिटिश पासपोर्ट अजून यायचा असतो. मधल्या काळात गावी कुणी आजारी पडलं तर काय, याचं उत्तर कुठल्याच फॉर्मवर नाही.

काकांना दुसऱ्यांदा फोन केला. रविवारी या म्हणाले, कार्यकारिणीची बैठक आहे, विषयपत्रिकेवर घेतलाय.