केसीआय पेपर पिल्लाचे असतात, त्याच्या आईच्या हालांचे नव्हे

कुत्र्याचं पिल्लू घ्यायचं ठरलं की व्हॉट्सॲपवर हमखास हा सल्ला येतो: ‘केसीआय पेपर असले की ब्रीडर चांगला. पिल्लू ४५ दिवसांचं झालं की आणा. पहिली लस झाली की काळजी मिटली. कुत्रीला दर माजाला लावलं तरी बिघडत नाही, निसर्गच तो.’ या चार समजुतींच्या जोरावरच पिल्लांचे कारखाने चालतात.

पेपरचं थोडक्यात. केनेल क्लब ऑफ इंडियाचा (केसीआय) दाखला जात, आईबाप आणि जन्मतारीख सांगतो. आई कुठल्या पिंजऱ्यात राहते, वर्षात किती वेळा व्याली, हे त्यात नसतं. केंद्राच्या २०१७ च्या नियमांनुसार ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे वेगळी नोंदणी करावी लागते. तो नोंदणी क्रमांक मागा.

४५ दिवसांचं पिल्लू विकणं नियमातच बसत नाही. किमान वय ८ आठवडे, म्हणजे ५६ दिवस. मधल्या ११ दिवसांत पिल्लू भावंडांशी झोंबताना किती जोरात चावायचं ते शिकतं. ती संधी हुकली की पुढे घरातल्या मुलांच्या हातांवर दात उमटतात. ब्रीडरला मात्र तेवढ्या दिवसांचं खाणं आणि सफाई वाचते. जन्मतारखेवर विश्वास बसत नसेल तर तोंड उघडून बघा. ८ आठवड्यांना सहसा दुधाचे २८ दात आलेले असतात, लहान जातींत थोडा उशीर होतो.

लसीबाबतचा गैरसमज जिवावर बेततो. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारद्रव्यं लवकर दिलेली लस निष्प्रभ करू शकतात. म्हणून दर २ ते ४ आठवड्यांनी डोस देत १६ आठवड्यांपर्यंत जावं लागतं. पार्व्हो या जीवघेण्या विषाणूची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण ३ ते ७ दिवस लागतात. त्यामुळे उड्या मारत घरी आलेलं पिल्लू चौथ्या-पाचव्या दिवशी उलट्या आणि रक्ताचे जुलाब करू लागतं, आणि ब्रीडर म्हणतो, ‘तुमच्याकडे आल्यावर आजारी पडलं.’ हा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो. फिनाईलने तो मरत नाही. आधी घाण धुवून काढायची, मग १ भाग ब्लीच ३० भाग पाण्यात मिसळून फरशी किमान १० मिनिटं ओली ठेवायची.

आता ‘निसर्ग’. कुत्री साधारण दर सहा-सात महिन्यांनी माजावर येते. ६३ दिवस गाभण, मग सहा-आठ आठवडे पाजणं. दर माजाला लावली तर पुढच्या वेतापूर्वी शरीर भरून यायला जेमतेम दोन-तीन महिने उरतात, तेही कारखान्यातल्या निकृष्ट खाण्यावर. पॉमेरेनियन, शिहत्झूसारख्या लहान जातींत पाजण्याच्या पहिल्या काही आठवड्यांत रक्तातलं कॅल्शियम एकदम घसरू शकतं: धाप, थरथर, ताठरलेले पाय, झटके. लगेच शिरेतून कॅल्शियम मिळालं नाही तर ती काही तासांत मरू शकते. चाळीस पिंजऱ्यांच्या शेडमध्ये रात्री हे बघायला कोण असतं? नियम तर १८ महिन्यांआधी लावू नका आणि १२ महिन्यांत एकच वेत घ्या, असं सांगतो.

‘रिकामं ठेवलं तर गर्भाशयात पू होतो’ हेही ऐकवलं जातं. पू होऊ शकतो, खरं आहे. पण त्यावर इलाज नसबंदी आहे, पुढचं वेत नव्हे. ती केली तर कमाई थांबते, म्हणून करत नाहीत. कमाई संपली की याच कुत्र्या रस्त्यावर सोडल्या जातात: लोंबणारी आचळं, सळ्या चावून झिजलेले दात, जाळीवर उभं राहून फाकलेली बोटं.

म्हणून पिल्लं जिथे जन्मली तिथेच, आईसोबत बघायला मागा. ‘आई गावाला आहे’ किंवा ‘हायवेवर आणून देतो’ म्हणाले तर व्यवहार तिथेच सोडा. दया येऊन ते एक पिल्लू विकत घेऊ नका. त्या पैशांवर त्याच्या आईला पुन्हा लावतात. जागेचे फोटो आणि पत्ता घेऊन पोलिसांकडे आणि राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे लेखी तक्रार द्या.