मनःशांतीची दमछाक

डॉक्टरांनी दंडावरचा रक्तदाबाचा पट्टा सोडवला, आधी आकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "गोळी नको इतक्यात. रोज थोडा वेळ शांत बसत जा." मला हायसं वाटलं. बसणं हा तर माझा हातखंडा विषय. 'शांत' हा शब्द तेवढा कानाआड झाला आणि घोळ तिथेच झाला.

शांत बसायचं म्हणजे डोळे मिटून आपल्या श्वासाकडे नुसतं बघायचं. तो लांबवायचा नाही, आवरायचा नाही. येतोय, जातोय, एवढं कळलं की पुरे. आता गेली पन्नासेक वर्षं हा श्वास कुणाच्या अध्यात ना मध्यात, आपला गुमान ये-जा करत होता. मी लक्ष घातलं मात्र, साहेब पाठीमागे येऊन उभे राहिले की कारकुनाची बोटं टाइप करताना अडखळतात, तसा तो अडखळायला लागला. आत घेतलेला सोडायचा राहून जायचा. सोडला की वाटायचं, हा जरा तोकडाच झाला. तिसऱ्या मिनिटाला मला चक्क धाप लागली. मांडी घालून बसल्या जागी!

मग कळलं, की श्वास मोजायचे असतात. दहापर्यंत. मध्ये विचार आला तर पुन्हा एकपासून. एक... दोन... गाडीचा विमा भरलाय ना? एक... दोन... तीन... त्या लग्नात तो माणूस आपल्याशी धड बोलला का नाही? (त्या लग्नाला अकरा वर्षं झाली. बोलला असता तरी मी काय बोलणार होतो कुणास ठाऊक.) चारच्या पुढे गाडी सरकेना. एकदा मात्र थेट सतरापर्यंत पोचलो आणि आनंदाने डोळे उघडले. तेव्हा आठवलं, दहाला थांबायचं होतं. म्हणजे मोजणारा भलताच कुणीतरी होता.

या बाबतीत मी एकटा नाही, हे वाचून बरं वाटलं. मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या हार्वर्डच्या दोघांनी लोकांना दिवसभरात अवचित फोनवरून विचारलं, आत्ता काय करताय आणि डोक्यात काय चाललंय? २०१० साली त्यांनी निष्कर्ष छापले. जवळजवळ ४७ टक्के वेळा हात एकीकडे आणि मन भलतीकडे. त्याहून मला आवडला तो व्हर्जिनिया विद्यापीठातला, २०१४ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग. माणसाला पंधरा मिनिटं रिकाम्या खोलीत एकटं बसवायचं. सोबतीला एक बटण, दाबलं की विजेचा झटका. झटका आधी चाखवलेला. तो टाळायला पदरचे पैसे देऊ, असं हेच लोक म्हणालेले. तरी १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी सहा जणींनी बटण दाबलंच. एका गृहस्थांनी तर १९० वेळा. हिला हे वाचून दाखवलं तर म्हणाली, "तुमच्याच घराण्यातला असणार."

नुसतं बसणं जमेना, म्हणून मी छोट्या छोट्या सवयींकडे वळलो. जे करतोय तेच करायचं. दात घासताना दात घासायचे. त्यातून मला ज्ञान झालं ते एवढंच, की इतकी वर्षं मी डावी बाजू घासतोय आणि उजवीला नुसता धीर देतोय. भांडी घासताना पाण्याचा स्पर्श, फेसाचा बुडबुडा, सगळं टिपत गेलो. अर्ध्या तासात सात भांडी झाली. हिने एक पातेलं उलटं केलं. बूड जसंच्या तसं काळं.

"लक्ष कुठे होतं?"

"श्वासावर."

यावर जी शांतता पसरली ती अंतर्गत नव्हती.

फोनमध्ये एक घंटा बसवून घेतली. ती दिवसातून केव्हाही वाजते. वाजली की असेल ते काम थांबवून तीन श्वास घ्यायचे. ती ऐन भांडणात वाजली. मी वाक्य अर्धं टाकून डोळे मिटले. उघडले तेव्हा माझा मुद्दा मी विसरलो होतो. हिला तिचा आठवत होता, माझाही.

मग मनुका. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये रुग्णांचा ताणतणाव कमी करण्यासाठी जो वर्ग सुरू केला, त्यातला हा गाजलेला धडा. एक मनुका घ्यायचा आणि जन्मात पहिल्यांदाच पाहतोय असा पाहायचा. पाहिला. एका टोकाला देठाचा बारीक खुंट होता. सुरकुत्यांच्या खाचांत उजेड अडकला होता. बोटांत दाबला तर किंचित दबून पुन्हा फुगला. कानाशी नेऊन चुरगळायचा असतो, तेही केलं. बारीक करकर ऐकू आली. तेवढ्यात मुलगी आली. "बाबा, फोन लागत नाहीये का?" तिला खुणेनेच गप्प केलं. जिभेवर ठेवला, चावायचा मोह आवरला, मग एकदाच हळूच दात रोवला आणि खरं सांगतो, अशी गोडी मी कधी चाखली नव्हती. पहिल्या मनुक्याला दहा मिनिटं लागली. पुडीतले उरलेले सगळे मिळून दीड मिनिटात संपले.

परवा शर्टाचं बटण तुटलं. चष्मा कपाळावर सारला, खिडकीपाशी उभा राहिलो, सुई उजेडात धरली. दोऱ्याचं टोक फुटलेलं. एक चुकार तंतू नेढ्यावर आपटून दर वेळी बाजूला वळायचा. ओठांत ओला केला, चिमटीत पिळला, पुन्हा नेम धरला. वळला. कात्रीने टोक तिरकं कापलं. पुन्हा ओला, पुन्हा पीळ. विमा नाही, लग्न नाही, पातेल्याचं बूड नाही. समोर तेवढं एक भोक आणि त्यात शिरू पाहणारं पांढरं टोक. किती वेळ गेला देव जाणे. टोक नेढ्यातून पलीकडे डोकावलं, मी ते चिमटीत धरायला बोट पुढे केलं...

आणि खिशात घंटा वाजली. मी दचकलो, दोरा सुटला, सुई खाली पडली. ती शोधायला वाकताना माझ्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आतल्या खोलीतून मुलगी ओरडली, "बाबा, तीन श्वास!"