सेवेच्या तासांवर माझी सही मिळणार नाही

आज सकाळी वाचनालय उघडतोय तोच ओळखीतला एक पोरगा फटफटीवर आला. बी.कॉम.ला आहे. हातात कॉलेजात दाखवायच्या सेवेच्या तासांचा छापील तक्ता. "नाना, सही करी द्या ना." तक्त्यानुसार पठ्ठ्यानं आमच्याकडे महिनाभर पुस्तकं लावली, झाडपूस केली. सगळ्या तारखा एकाच पेनानं, एकाच बैठकीत लिहिलेल्या. २ ऑक्टोबरलाही सेवा! अरे, त्या दिवशी वाचनालयाला कुलूप असतं.

नाही केली सही. आता त्याचे वडील चौकात तोंड फिरवतील. फिरवू द्या.

पोरावर राग नाही. क्रेडिट पाहिजे, सगळेच असं करतात, कॉलेजही डोळेझाक करतं. राग याचा येतो की सेवा म्हणजे अभ्यास सोडून उरकायचं काम, हे आपण सगळ्यांनी मान्यच करून टाकलंय.

आमच्या कॉलेजवेळी एनएसएसचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं, शिबिर सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावर होतं. दिवसा शोषखड्डे, रात्री व्यसनमुक्तीचं पथनाट्य. एका दुपारी एक पावरा आदिवासी आजी प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आली. निराधार योजनेचा अर्ज भरून पाहिजे होता. रेशनकार्डावर तिचं एक नाव, मतदार कार्डावर दुसरंच. आम्ही एवढे कॉलेजवाले, पण उत्पन्नाचा दाखला कोण देतं हे एकालाही सांगता येईना. सरांनी कुदळी खाली ठेवायला लावल्या आणि आम्हा दोघांना तिच्याबरोबर तहसीलला धाडलं. तलाठी, तहसील, झेरॉक्सचं दुकान, परत तलाठी. तीन वर्षांच्या कॉलेजात सरकार मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

एनएसएस १९६९ साली गांधी शताब्दीत ३७ विद्यापीठांत सुरू झाली. वर्षाला १२० तास, सात दिवसांचं शिबिर. तास मोजता येतात हो, पण त्या आजीचा अर्ज कुठल्या पेपरात येतो? कॉमर्सच्या पोरांना बचतगटाच्या वह्या लिहायला बसवा. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात पाणी खोल चाललंय. भूगोलवाल्यांना दर महिन्याला विहिरी मोजू द्या आणि मार्क त्याचेच द्या. झाडू हातात घेऊन फोटो काढायला पदवी कशाला लागते?

मान्य, बरेच प्राध्यापक तासिका तत्त्वावर राबतात आणि कितीतरी पोरं कापूस वेचून वर्गात येतात. त्यांना आणखी ओझं नकोच. म्हणूनच म्हणतो, वेगळं काही लादू नका, आहे त्याच विषयातून करा.

आपलं जळगावचं विद्यापीठ १९९० चं. २०१८ पासून त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. कधी शाळेत न गेलेल्या बाईचं नाव! हे आठवलं की माझा आवाज जरा खाली येतो. त्या आजीसारख्या बायांचे कागद वाचून द्यायला शिकवणं, एवढं तरी त्या नावाखाली व्हायला नको?

विद्यापीठाच्या अधिसभेवर (सिनेटवर) निवडून गेलेले दोघं-तिघं माझ्या मित्रयादीत आहेत. मतं मागायला दारापर्यंत आला होतात ना? मग पुढच्या बैठकीत हे मांडा. आणि हात जोडतो, त्यासाठी समिती नेमू नका.